रुपयामागे एक आणा

काही जण प्रवासात शब्दकोडी सोडवतात. मी शाब्दिक उदाहरणे सोडवतो. शालेय अंकगणितातलीच ती : टाकी भरणारे दोन नळ, समोरासमोरून येणाऱ्या दोन आगगाड्या, भिंत बांधणारे मजूर. परीक्षेची धास्ती संपली की त्यांची गोडी कळू लागते. मेंदूला व्यायाम होतो आणि कागदही लागत नाही.

ब्रिटनमध्ये अशी उदाहरणे पावलोपावली भेटतात. येथे पेट्रोल लिटरने मिळते, पण मोटार गॅलनला किती मैल धावते हे सांगितले जाते. गॅलन म्हणजे सुमारे 4.55 लिटर. विहार 90 मैलांवर असेल आणि मोटार गॅलनला 45 मैल देत असेल, तर दोन गॅलन, म्हणजे सुमारे 9.1 लिटर पेट्रोल लागेल. दुकानात 20 टक्के सवलतीवर आणखी 10 टक्के सवलत दिसली, की मुले चटकन 30 म्हणतात. प्रत्यक्षात 100 पौंडांचे आधी 80 होतात आणि 80 चे 72. सवलत 28 टक्केच. 25 चे 16 टक्के अवघड वाटले, तर 16 चे 25 टक्के काढावेत. उत्तर तेच, 4.

गुणाकार यंत्रही करते. माझा व्यवसायच त्यावर चालतो. खरे काम उदाहरण मांडण्याचे. काय दिले आहे? काय विचारले आहे? आणि काय सांगायचे टाळले आहे? हा तिसरा प्रश्न पाठ्यपुस्तकात नसतो. आपल्या पूर्वजांच्या आयुष्यात मात्र तोच निर्णायक होता.

‘रुपयामागे महिना एक आणा’ हा व्याजाचा दर ऐकायला किती किरकोळ! पण रुपयाचे आणे 16. म्हणजे 16 महिन्यांत व्याज मुद्दलाइतके होते. वर्षाला 75 टक्के. व्याजावर दरमहा व्याज चढवले, तर वर्षाच्या आतच रक्कम दुप्पट होते. ज्यांना शाळेची दारे बंद होती, त्यांना सावकाराची वही वाचता येत नव्हती. ते अंगठा उठवत आणि पुढची पिढी ते कर्ज फेडत राही.

ही गोष्ट जुनी झाली, असे समजू नये. ब्रिटनच्या वित्तीय नियामकाने 2 जानेवारी 2015 पासून अल्पमुदतीच्या महागड्या कर्जांवर मर्यादा घातली : दिवसाला जास्तीत जास्त 0.8 टक्का आणि एकूण खर्च मूळ कर्जाहून अधिक नाही. 100 पौंडांवर दिवसाला 80 पेन्स. महिन्याला 24 टक्के. एक आणा म्हणजे महिन्याला सव्वासहा टक्के. आजची कायदेशीर कमाल त्या आण्याच्या जवळजवळ चौपट आहे!

ज्या समाजाच्या हाती रुपया टिकत नव्हता, त्याच समाजातील एका विद्यार्थ्याने याच देशात रुपयाच्या प्रश्नाचीच चिकित्सा केली. बाबासाहेबांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ 1923 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. तथागतांचा धम्मही ‘एहिपस्सिको’ म्हणतो : या आणि स्वतः पाहा. हिशेब स्वतः पडताळणे हा त्याच वृत्तीचा रोजचा, साधा सराव आहे.

या रविवारी मुलांना एक उदाहरण घालावे : 200 पौंड, दिवसाला 0.8 टक्का, मुदत 45 दिवस; व्याज किती? उत्तर 72 पौंड आले, की त्यांना विचारावे : जाहिरातीत हा आकडा का दिसत नाही?