बद्द वाजणारी नाणी

पूर्वी बाजारात नाणे वाजवून घेत. सराफ अंगठ्याने रुपया उडवी आणि तो फरशीवर पडला की कान देई. खणखणीत वाजला तर गल्ल्यात, बद्द वाजला तर परत. आपल्या भाषेने हा निवाडा पुढे माणसांनाही लावला. कुणी बंदा रुपया ठरला, कुणी खोटा पैसा. शिशाचे नाणे मात्र अस्सल असले तरी बद्दच वाजते. धातूच मऊ, त्याला तो काय करणार? त्याचा खरेपणा कानाने कळत नाही. तो कसा ओळखायचा, याचा विचार आम्हा दोघांना करावा लागला तो इंग्लंडात, मुलाकडे राहायला गेलो तेव्हा.

आम्ही उभयता रत्नागिरी जिल्ह्यातले निवृत्त शिक्षक. मुलगा लँकशायरमध्ये प्रेस्टनला नोकरीला. तिथल्या थंडीत म्हाताऱ्या माणसांनी दिवस कसा काढायचा? वस्तुसंग्रहालये उबदार असतात आणि बहुतेक ठिकाणी तिकीटही नसते. तिथेच एके दिवशी चिखलाने भरलेले बूट घातलेली माणसे रांगेत बसलेली दिसली. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकच्या लहान लहान पिशव्या. ती मेटल डिटेक्टरवाली माणसे होती. सुट्टीच्या दिवशी शेतमालकाची परवानगी काढून नांगरलेल्या रानात यंत्र फिरवायचे आणि आवाज आला की वीतभर उकरून पाहायचे, हा त्यांचा छंद. सापडलेल्या वस्तू घेऊन ती नोंद करायला आली होती.

या नोंदीमागची व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये १९९६ साली ‘ट्रेझर अ‍ॅक्ट’ हा कायदा झाला आणि १९९७ पासून अमलात आला. तीनशे वर्षांहून जुनी सोन्याचांदीची वस्तू किंवा एकत्र सापडलेला नाण्यांचा साठा कळवणे त्याने बंधनकारक केले. पण शेतात एकटेदुकटे सापडणारे शिशाचे नाणे या कायद्यात बसत नाही. ते कळवलेच पाहिजे असे बंधन नाही. अशा वस्तूंसाठी १९९७ मध्येच ‘पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम’ नावाची ऐच्छिक योजना सुरू झाली आणि २००३ पर्यंत ती इंग्लंड आणि वेल्स या दोन्ही देशांत सर्वत्र पोहोचली. ब्रिटिश म्युझियम ती चालवते, जागोजागी नोंद करणारे अधिकारी आहेत. आजवर पंधरा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे, आणि ती कुणालाही बघता येते.

नोंद करणारी मुलगी आमच्या धाकटीच्या वयाची होती. तिच्यापुढे एक काटा, एक मापक आणि एक कॅमेरा. वजन घ्यायचे, व्यास आणि जाडी मोजायची, दोन्ही बाजूंचे फोटो काढायचे, छाप दिसत असेल तर वर्णन लिहायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचा रकाना जागेचा. कुठल्या गावात, कुठल्या शेतात, शेताच्या कुठल्या भागात. एकाने शिशाचा चपटा तुकडा पुढे केला. त्यावर कुणीतरी सहा पाकळ्यांचे फूल कोरल्यासारखे दिसत होते, तेही अर्धवट. सौ.ने न राहवून विचारले, “याचे मोल काय?” ती मुलगी म्हणाली, “विकायला गेलात तर काहीच नाही. कुठे सापडले ते सांगितलेत तर पुष्कळ.”

शिशाच्या या तुकड्यांना तिथे टोकन म्हणतात. इंग्लंडात फार काळ सुट्ट्या पैशांची ओढाताण होती. राजाची टंकसाळ चांदीची पेनी पाडी, आणि गरिबाला पाव खरेदी करायला पेनीसुद्धा मोठी पडे. चांदीची पेनी कापून तिचे अर्धे आणि पाव तुकडे चालवत. सरकारने तांब्याची फार्दिंग रीतसर पाडायला सुरुवात केली ती १६७२ मध्ये, दुसऱ्या चार्ल्सच्या काळात. तोवर, आणि त्यानंतरही, लोकांनी आपली सोय आपणच केली. दगडाच्या साच्यात शिसे ओतायचे आणि वर फूल, क्रूस, नांगर किंवा नावाची आद्याक्षरे उठवायची. बरी सेंट एडमंड्स इथल्या मठात पंधराव्या शतकाच्या अखेरीस आणि सोळाव्याच्या आरंभी संत निकोलसच्या नावाची शिशाची टोकने काढत. गरिबांना ती वाटली जात आणि त्यांवर अन्न मिळे, असे मानतात. केंटमध्ये हॉप नावाच्या पिकाची तोडणी करणाऱ्या मजुरांना टोपलीमागे शिशाचे टोकन मिळे, हंगाम संपला की त्याचे पैसे. म्हणजे हे तुकडे म्हणजे उपाशी माणसाची आणि मजुराची हजेरी. सोन्याच्या नाण्यावर राजाचा चेहरा असतो. शिशाच्या नाण्यावर कुणाचाच नसतो, पण ते कुणाच्या मुठीत होते ते आपल्याला ठाऊक असते.

या धातूला जपावेही लागते. जमिनीत त्यावर पांढुरकी पूड चढते. ती विषारी, हात धुतल्याशिवाय तोंडाला लावायचा नाही. व्हिनेगरने घासले तर छाप विरघळून जाते. ओकच्या लाकडाच्या कपाटात ठेवले तरी लाकडातल्या आम्लाच्या वाफेने ते झिजते. गरिबाची वस्तू गरिबासारखीच, पटकन मोडणारी.

दुसरा ढीग नकलांचा. आम्हाला वाटले होते, खोटे नाणे निघाले की ही मुलगी ते बाजूला सारील. तसे झाले नाही. नकला दोन प्रकारच्या, असे तिने समजावले. एक अलीकडची, दुकानात आठवण म्हणून विकतात ती. कडेला साच्याची शिवण, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे, वजन भलतेच. दुसरी त्याच काळची नक्कल, म्हणजे अस्सल नाणे चालत होते तेव्हाच कुणीतरी केलेली आणि बाजारात चाललेली. ती इतिहासाची वस्तू म्हणून नोंदवली जाते. तिसऱ्या शतकात रोमन ब्रिटनमध्ये नाण्यांचा पुरवठा आटला तेव्हा लोकांनी बादशहांच्या नाण्यांच्या वेड्यावाकड्या नकला पाडल्या. अक्षरे येत नव्हती म्हणून नुसत्या उभ्या रेघा काढल्या. अशा नकला इंग्लंडच्या रानांत विपुल सापडतात. ही फसवणूक म्हणायची की गरज? देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही ते नाणे टंकसाळीचे नाही हे दिसत असणार. तरीही बाजार चालला. बाजार माणसांच्या एकमेकांवरच्या भरवशावर चालतो, धातू पुढचा.

नकलांमधली सर्वांत प्रसिद्ध नक्कल सोन्याची आहे आणि तिच्याशी आपले जवळचे नाते आहे. मर्सियाचा राजा ओफा याने आठव्या शतकात एक दिनार पाडला. तो खलिफा अल्-मन्सूरच्या हिजरी १५७ च्या दिनाराची नक्कल होती. त्यावर अरबीत कलमा आहे आणि मधोमध लॅटिनमध्ये ‘ओफा रेक्स’. अरबी अक्षरे सुलट धरली की राजाचे नाव उलटे येते. ठसा कोरणाऱ्याला ती लिपी वाचता येत नव्हती हे उघड आहे. एका ख्रिस्ती राजाने अल्लाहच्या एकत्वाची ग्वाही देणारे नाणे पाडले, कारण त्या नाण्याची पत जगात होती. हा दिनार ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यावरून ओफाचा धर्म बदलला होता असे आज कुणी गंभीरपणे म्हणत नाही, की कुणाच्या भावनाही दुखावत नाहीत.

आपल्याकडे तरी निराळे काय होते? मराठ्यांच्या टंकसाळींतल्या कितीतरी रुपयांवर फारसी अक्षरे आणि शाहआलम बादशहाचे नाव असे. ईस्ट इंडिया कंपनीनेही तेच नाव चालवले. शाहआलम १८०६ मध्ये वारला, पण कंपनीने त्याचे नाव नाण्यावरून उतरवले ते १८३५ मध्ये. पत असलेली छाप लोक सोडत नाहीत. राज्य पेशव्यांचे की बादशहाचे, हा वाद नाण्याने घातला नाही. तो पुढे पुस्तकांनी घातला.

प्रेस्टनपासून थोडे उत्तरेला सिल्व्हरडेल नावाचे गाव आहे. तिथे सप्टेंबर २०११ मध्ये एका डिटेक्टरवाल्याच्या यंत्राने आवाज दिला. उकरले तर शिशाचा पत्रा. शिसे म्हणून त्याची निराशा झाली. पत्रा उचलला आणि त्याच्या भोकांतून चांदी गळू लागली. पत्रा म्हणजे घडी केलेले शिशाचे वेष्टन होते आणि आत दोनशे चांदीच्या वस्तू, त्यांत २७ नाणी. इसवी सन ९०० च्या आगेमागे व्हायकिंगांनी पुरलेला हा ठेवा. त्या नाण्यांत अरबी दिरहमही होते. अब्बासी मुलखातून व्यापाऱ्यांच्या हातोहात ते लँकशायरच्या मातीत येऊन पडले होते.

ती तारीख ऐकली आणि आम्ही एकमेकांकडे पाहिले. जवळपास त्याच काळात, हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६-१७ च्या सुमारास, अल्-मसऊदी हा बगदादचा प्रवासी आमच्या किनाऱ्यावर सैमूर म्हणजे चौलला आला होता. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, त्यांतले काही सिराफ, ओमान, बसरा आणि बगदादचे आहेत, असे त्याने लिहून ठेवले. शिलाहार राजाच्या राज्यात आपल्या मशिदी बांधून, आपला काजी नेमून ते सुखाने नांदत होते. कोकणी मुसलमानांच्या हजार वर्षांच्या वस्तीचा पुरावा म्हणून आज जो तो ही नोंद दाखवतो. तो माणूस थांबला नसता, त्याने विचारपूस करून लिहिले नसते, तर ते दहा हजार लोक होते की नव्हते हे कुणी सांगितले असते?

म्हणून आम्हाला त्या चिखलाच्या बुटांच्या रांगेचा हेवा वाटला. आपल्या मातीत शिशाची नाणी कमी नाहीत. सातवाहनांनी आणि त्यांच्या काळच्या लहान राजांनी शिशाची नाणी मुबलक पाडली. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १८७७ मध्ये कुर घराण्याची शिशाची नाणी सापडली. एका बाजूला टेकडीचे चिन्ह, दुसऱ्या बाजूला धनुष्यबाण आणि भोवती ब्राह्मी लिपीत राजाचे नाव, आईच्या नावासकट. पुढे १९४५-४६ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी त्याच टेकडीवर शास्त्रशुद्ध उत्खनन केले. खाली सातवाहन काळाची वस्ती मिळाली आणि वरच्या थरांत बहामनी काळाची. एकाच टेकडीवर, एकावर एक. कुणाचे आधी आणि कुणाचे नंतर एवढेच थर सांगतात. कुणाचे जास्त आणि कुणाचे कमी हे मातीला ठाऊक नसते.

पण उत्खनन टेकडीपुरते होते. बाकीच्या शेतांत, ओढ्याकाठी, पाऊस उघडल्यावर जे वर येते त्याचे काय? आपला कायदा १८७८ चा, इंग्रजांच्या काळातला. जमिनीत सापडलेल्या वस्तूची किंमत दहा रुपयांहून अधिक असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे, नाही कळवले तर शिक्षा. सरकारने ती वस्तू ठेवून घेतली तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश मिळतो. शिशाची किंमत ती काय आणि तिचा पाचवा हिस्सा काय! शेतकऱ्याला मनात पोलीसठाणे दिसते आणि हातात मोडीचे शिसे. किनाऱ्यावर तर शिसे लगेच कामाला येते. जाळ्याला वजन लागते आणि दालद्यांच्या घरात शिसे वितळवणे हे रोजचेच काम. एखाद्या राजाचे नाव जाळ्याबरोबर समुद्राच्या तळाला जाऊन बसले असेल, तर ते विचारायलाही कुणी उरलेले नाही.

आमच्यासारख्यांना नोंदीचे मोल अलीकडे जास्त कळले आहे. २०१९ मध्ये नागरिकत्वाच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि नागरिक नोंदवहीची चर्चा घरोघर पोहोचली, तेव्हा मोहल्ल्यातल्या बाया ट्रंका उपसून आजोबांचा शाळेचा दाखला शोधत होत्या. कागद नाही तो माणूस बद्द वाजणार, अशी भीती होती. ज्यांच्या पिढ्या याच मातीत दफन आहेत त्यांना आपण इथले आहोत हे सिद्ध करावेसे वाटणे, ही गोष्ट आम्ही दोघे अजून विसरलेलो नाही. माती साक्ष देते, पण ती लिहून घेणारा हवा.

परत आल्यावर आम्ही एक दोनशेपानी वही घातली. यंत्र घेऊन रान उकरा असे आम्ही कुणाला सांगत नाही. संरक्षित जागी तर तो गुन्हाच आहे. फक्त जे आपोआप वर आले ते वितळण्याआधी दाखवा, एवढेच सांगतो. दिनांक, गाव, शेताचा सर्व्हे नंबर, किती खोलीवर, वजन, व्यास, दोन्ही बाजूंचे मोबाईलवर काढलेले फोटो. वजनाला नाक्यावरच्या सोनाराचा काटा आहे. तो पैसे घेत नाही. वस्तू ज्याची त्याला परत देतो आणि कायद्याने कळवण्याजोगी असेल तर अर्ज लिहून देतो. अर्ज लिहिण्यात उभी हयात गेली आहे.

वहीत आतापर्यंत एकतीस नोंदी झाल्या आहेत. बहुतेक तांब्याचे ढबू, दोन फारसी अक्षरांचे रुपये, एक बंदुकीची गोळी. एकतिसावी नोंद एका दालदी पोराने आणली. जाळे दुरुस्त करताना बापाच्या डब्यात मिळालेली शिशाची जाड चकती. एका बाजूला टेकडीसारख्या तीन कमानी आहेत असे सौ. म्हणते, आम्हाला दोनच दिसतात. वहीत दोन्ही मते लिहिली आहेत, आणि डब्यात येण्याआधी ती कुठे पडली होती हे बापाला विचारून यायला पोराला सांगितले आहे.