वापसा

आमच्या राणीसावरगावात घरातलं माणूस गेलं की तेराव्याला गोडाचं जेवण होतं, सोयरे दुखवट्याचे कपडे आणतात आणि निघताना दारात एकच वाक्य बोलतात, ‘आता लागा कामाला.’ त्यात कोरडेपणा नसतो. शेतीवाल्या घराला याहून जास्त बसून भागत नाही, हे बोलणाऱ्यालाही ठाऊक असतं. कधीतरी तोही असाच भिंतीला टेकून बसलेला असतो.

दादा, माझे वडील, वैशाखात गेले. पुढं मृग लागला, पाऊस झाला. काळ्या रानात पावसानंतर लगेच पेरता येत नाही. मूठभर माती उचलून दाबून बघायची. चिखलाचा गोळा झाला तर थांबायचं. बोटानं टोचल्यावर गोळा सुटा झाला की वापसा आला. दोन-तीन दिवसांचा तो मेळ. तो हुकला की वरची ओल उडते आणि बी कोरड्यात पडतं. शेजारच्या दोघांनी बैल आणि तिफण आमच्या बांधावर आणून उभी केली. बोलावणं गेलं नव्हतं. आई चाड्यावर मूठ धरून तिफणीमागं चालायला लागली. तिचे डोळे सारखे वाहत होते, पण मुठीतून बी पडत होतं ते एकसारखं. त्या रानात पुढं उगवण झाली तेव्हा तासात कुठं खाडा पडलेला नव्हता.

लोक म्हणाले, बाई धीराची. मला ते पूर्ण पटत नाही. आईला धीर नव्हता, तिला वापसा होता. तिच्या मनाला कुणी विचारलंच नाही, तयार आहेस का म्हणून. आमच्या मराठवाड्यात कर्जापायी नवऱ्यानं जीव दिल्यावर सातबाऱ्यावर वारस लावण्यापासून बँकेच्या हप्त्यापर्यंत सगळं अंगावर घेतलेल्या कितीतरी बाया आहेत. त्यांचं कौतुक करताना एवढं ध्यानात ठेवावं, की त्यांना दुःखाची रजा मिळालेली नाही.

माझं काम मात्र टेबलावरचं, लिहिण्या-वाचण्याचं. त्याला ओल नाही, नक्षत्र नाही. आज नाही झालं तर उद्या. मी सकाळी बसायचो, तीच ओळ परत परत वाचायचो आणि उठायचो. नवरात्रात रेणुकामातेच्या दर्शनाला गाव माणसांनी भरून गेलं, आमच्या घरात त्या वर्षी सण नव्हता. मी हुरूप येण्याची वाट बघत होतो. मन लागलं की काम होईल, अशी माझी समजूत होती.

आमचा तालुका गंगाखेडचा, जनाबाईंचं गाव. लहानपणीच त्या पंढरपुरात दामाशेटींच्या घरी आल्या आणि दासी म्हणून राहिल्या. त्यांच्या अभंगांत दळण आहे, कांडण आहे, शेण्या वेचणं आहे, आणि त्या सगळ्यात हाताला हात लावायला आलेला विठ्ठल आहे. काम आटोपून, मोकळं होऊन मग देव आठवला, असं तिथं होत नाही. आपलं कुणी नाही ही बोच जात्याच्या खुंट्यावरच बोलली जाते. मला वाटतं, पोरकेपण बाजूला ठेवून कामाला बसायचं नसतं, त्याला शेजारी बसवून घ्यायचं असतं, हे त्या माउलीला पक्कं कळलं होतं.

त्या दिवसांत मला लक्ष्मीबाई टिळकांचा फार आधार वाटला. त्यांचे पती रेव्हरंड टिळक १९१९ साली गेले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचं ओवीबद्ध महाकाव्य अर्धवट राहिलं. सुरुवातीचेच अध्याय झाले होते. लक्ष्मीबाईंची शाळा झालेली नव्हती, अक्षरओळख नवऱ्याकडून झालेली. त्या बाईंनी पुढचे ६४ अध्याय लिहिले. शेवटी उरलेला अध्याय मुलानं, देवदत्तांनी पुरा केला. चौसष्ट अध्याय एका उमाळ्यात होत नाहीत. उमाळा फार तर एखादा अध्याय लिहून देईल. त्यानंतर रोज त्याच कागदापाशी यावं लागतं, जिथं गेलेल्या माणसाचं वाक्य थांबलं तिथूनच ओवी उचलावी लागते. प्रत्येक ओवीला तो नसल्याची आठवण होणार, आणि तरी तीच ओवी त्याच्यासोबत राहण्याची जागा. त्याच बाईंनी ‘स्मृतिचित्रे’ही लिहिलं, १९३४ पासून ते प्रसिद्ध होऊ लागलं. रमाबाई रानड्यांचंही असंच. पती न्यायमूर्ती रानडे १९०१ मध्ये गेले, रमाबाई सुमारे वर्षभर घराबाहेरच्या कामापासून दूर राहिल्या, आणि १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं. मधल्या काळाला कुणी आळस म्हणू नये.

माझ्याकडे महाकाव्य नव्हतं. दिवाळीच्या अलीकडं आमच्या रानात खुरपायला येणाऱ्या एक मावशी ओट्यावर आल्या. जरा वेळ बसल्या, मग संकोचून म्हणाल्या, ‘भाऊ, दादाच्या वहीत बघा बरं. माझी खुरपणीची मजुरी बाकी लिहिल्याली असंल.’

वही मी तोवर उघडली नव्हती. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, खतावणीसारखी. डाव्या बाजूला रानाचं नाव, मग पीक, बियाणं, खताच्या गोण्या, उजवीकडं मजुरीच्या रकमा. दिलेल्या रकमेवर दादा आडवी रेघ मारत. मावशींच्या नावावर रेघ नव्हती. खाली आणखी काही नावं होती, त्यांवरही नव्हती. त्या संध्याकाळी मी बेरीज मांडली, दोन वेळा चुकली, तिसऱ्यांदा जमली. जेवायला उशीर झाल्याचं आईनं सांगितलं तेव्हा कळलं, बराच वेळ मी उठलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मावशींचे पैसे दिले, रेघ मारली. बाकीच्यांना निरोप धाडले. मग रोज सकाळी आधी वही, नंतर माझं टेबलावरचं काम, असा क्रम पडत गेला. मधे कधी खंडही पडतो, दादांच्या वाढदिवसाच्या आसपास तर हमखास. त्या आठवड्यात मी माझ्या मागं लागत नाही.

सोयाबीनची रास झाली, तूर अजून उभी आहे. आईला या साली बांधावर शेवगा लावायचा आहे. दादांचा त्याला विरोध असायचा, पिकावर सावली पडते म्हणून. मी वहीत शेवग्याचं वेगळं पान घातलंय. रोपांचा भाव विचारून यायला तिनं मला सोमवारी गंगाखेडला जायला सांगितलंय.