दुसरी पेटी

जीपगाडीला एक नव्हे, दोन पेट्या असतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पहिली गियरची; ती बहुतेक मोटारींना असते. तिच्या पाठीला चिकटून दुसरी, ट्रान्सफर केस. इंजिनाची ताकद मागच्याच चाकांना द्यायची की पुढच्यांनाही वाटायची, हे ती पाहते. घरात एकाने मिळवावे आणि दुसरीने पुरवून वाढावे, तसाच हा प्रकार!

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने ही गाडी जगभर नेली आणि १९४७ साली महिंद्रांनी मुंबईत तिची जुळणी सुरू केली. पण दुसऱ्या पेटीचे मोल कळावे ते आमच्या भातकुलीकडे. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. पाणी खारट, माती काळीभोर. पावसाळ्यात ती चाकाला अशी बिलगते की सासरी निघालेल्या लेकीनेही आईला तशी मिठी मारली नसेल.

माझ्या मामांची जुनी जीप अशा पांदणींतली राणी. शेतावरच्या बिऱ्हाडात कुणाला ताप भरला, कुणी बाई अडली, तर अमरावतीचा दवाखाना गाठायला तेवढाच आधार. एका आश्विनात तिने हट्ट धरला. चिखलातून डांबरी सडकेवर आल्यावर पुढची चाके सोडवणारी दांडी हलेचना. सुकाणू जड, खालून कण्हल्यासारखा आवाज. शहरातल्या एका कारखानदाराने ऐकताच निदान केले, "पेटी खोलावी लागेल." आणि आकडा सांगितला. कापूस अजून झाडावर होता. मामींनी न बोलता गळ्यातल्या पोतीला हात लावला. मामा गाडी विकण्याच्या गोष्टी बोलू लागले.

तेव्हा गावातले एक म्हातारे मिस्त्री आले. त्यांनी पान्याला हात लावला नाही. मामींकडून सुतळी मागितली. प्रत्येक टायरभोवती ती फिरवून गाठी मारल्या. पुढचे टायर नवे, मागचे झिजलेले. गाठींत चांगले दोन बोटांचे अंतर!

"भाऊ, पेटीले काहून दोष देता? आधी टायरले इचारा!"

मग त्यांनी उलगडून सांगितले. दुसरी पेटी पुढचा आणि मागचा दांडा एकत्र बांधते. वळणावर पुढच्या चाकांना लांबचा फेरा पडतो. टायर लहानमोठे असले तर सरळ वाटेवरही हिशेब जुळत नाही. चिखलात चाके जराशी घसरतात आणि ओढ सुटते. कोरड्या सडकेवर घसरायला वाव नाही. मग पीळ पेटीत साठतो आणि दांत्यांत दांते घट्ट अडकतात. त्यांनी जीप सरळ रेषेत सावकाश मागे घेतली, दांडीला हलकीच ओढ दिली. खट्! दांडी सुटली. मग त्यांनी दोन्ही पेट्यांचे तेल पाहिले, तेलात लोखंडाचा कीस नाही याची खात्री केली, आणि चारही टायर सारखे करायला बजावले. दांडी आपोआप निसटत असती किंवा तेलात कीस असता, तर मात्र पेटी खोलावीच लागली असती, हेही सांगून ठेवले.

पोत गळ्यातच राहिली. मिस्त्रींना मामींनी जेवल्याशिवाय जाऊ दिले नाही.

चार माणसांच्या संसारातही असा पीळ भरतो. अडचणीच्या चिखलात सारी एकजुटीने ओढतात आणि सुखाच्या सडकेवर आल्यावर कुरकुर सुरू होते. अशा वेळी घर खोलायला निघू नये. दोन पावले मागे यावे, आणि कुणाचे चाक किती झिजले आहे, ते सुतळीने मोजून पाहावे.