दहावा

पुण्यात एका मंगल कार्यालयात किलोच्या भावानं इंग्रजी पुस्तकं विकायला मांडली होती. स्टेजच्या मागच्या भिंतीवर कुठल्याशा लग्नातली थर्मोकोलची अक्षरं तशीच राहिलेली, आणि नवरानवरीच्या खुर्च्या असायच्या तिथे वजनकाटा. मी हाताला येईल ते चाळत फिरत होते आणि एका टेबलाशी अडकले. रॉबर्ट जॉर्डनच्या ‘द व्हील ऑफ टाइम’चा पहिला भाग, ‘द आय ऑफ द वर्ल्ड’. एक, दोन, तीन करत मोजल्या तर अकरा प्रती. शेजारी स्टीव्हन एरिकसनच्या ‘गार्डन्स ऑफ द मून’च्या सहा. तोही पहिलाच भाग. दुसरा कुठलाच नाही, तिसऱ्याचं तर नाव नको.

“पुढचे भाग नाहीत का?” मी काट्यावरच्या मुलाला विचारलं.

“पहिलाच येतो, ताई. पुढचे कोणी आणून टाकत नाही.”

म्हणजे पहिल्यात गळालेले सगळे या टेबलावर जमले होते, आणि जे तरले त्यांनी आपली पुस्तकं घराबाहेर काढलीच नव्हती. या दोन मालिकांबद्दल मी पुष्कळ वाचलंय, पण इतकं रोखठोक परीक्षण कुणी लिहिलेलं नाही. मी एक प्रत उघडली. एकशे बाराव्या पानावर पीएमटीचं तिकीट होतं. त्यापुढची पानं करकरीत.

अशा लांबलचक मालिका सुचवणारी माणसं पुस्तकाबद्दल बोलतच नाहीत, वाटेबद्दल बोलतात. एवढी खिंड चढ, मग सपाटी आहे. डावीकडची वाट सोडू नकोस. पाणी वर मिळेल. माझा भाचा एरिकसनचा कट्टर भक्त. तो म्हणतो, “मावशी, पहिली दोनशे पानं काही कळणार नाही. कळून घ्यायचा प्रयत्नसुद्धा करू नकोस.” दहा भागांचं ते ‘मलाझन’ प्रकरण १९९९ साली सुरू झालं आणि २०११ साली संपलं. मी पहिल्या भागातून बाहेर पडले ती चुकीच्या दारानं दुसऱ्याच्या लग्नघरात शिरून परत फिरावं तशी. सगळे घाईत, कोणी रडतंय, कोणी जेवतंय, आणि नवरी कोण हे सांगायला कोणी मोकळं नाही. एरिकसन पुरातत्त्व आणि मानवशास्त्र शिकलेला माणूस. तो आधी खापराचे तुकडे हातात देतो, रांजण कसा होता ते आपण ठरवायचं. भाच्याला त्यातच मजा वाटते. मला रांजण बघायचा असतो आणि जमलं तर त्यातलं पाणीही प्यायचं असतं.

या सगळ्या धंद्याची सुरुवातही एका वाचकाच्या शिफारशीनंच झाली. १९३६ साली लंडनच्या प्रकाशक स्टॅन्ली अन्विननी एक हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिलं. अभिप्राय लिहायचे त्याला एक शिलिंग मिळत असे. त्यानं लिहिलं की नकाशे असतील तर चित्रांची गरज नाही, पाच ते नऊ वर्षांच्या सगळ्या मुलांना आवडेल. स्वतः दहाचा असल्यामुळे त्यानं वयाची मर्यादा बरोबर आपल्या खाली आखली. ते पुस्तक म्हणजे टॉल्किनचं ‘द हॉबिट’. पुढे तोच मुलगा वडिलांच्या प्रकाशनसंस्थेत लागला आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’साठी त्यानं हजार पौंड बुडवायची तयारी ठेवली. एवढा ग्रंथ एकगठ्ठा छापायचा तर कागद महाग, म्हणून १९५४-५५मध्ये त्याचे तीन तुकडे झाले. टॉल्किनच्या लेखी ती एकच कथा होती. त्यानंतर जो तो त्रयी लिहायला बसला. कागदाच्या टंचाईतून साहित्यप्रकार जन्माला येतो, हे आमच्या बँकेत कोणी सांगितलं असतं तर आम्ही त्यावर नोटशीट फिरवली असती.

बँकेचा विषय निघालाच आहे, तर तिथल्या माझ्या मैत्रिणीबद्दल सांगते.

आम्ही दोघी एकाच वर्षी बँकेत लागलो, कराडला शेजारशेजारच्या काउंटरवर. तिचा भाऊ मुंबईला होता आणि फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून तिला इंग्रजी पेपरबॅक आणून द्यायचा. त्यानं आणलेल्या ढिगात जॉर्डन निघाला. तीन गावठी पोरं, त्यातल्या एकाच्या नशिबी जगाचं ओझं, आणि काळ म्हणजे सात आऱ्यांचं एक चाक, एकेक आरा म्हणजे एकेक युग. आम्हाला कालचक्र कोणी समजावून सांगायला नको होतं. दुपारच्या डब्याला आम्ही दुसरं काही बोलतच नव्हतो. १९९७ साली तिला बढती मिळाली आणि बदली झाली चिपळूणला. तेव्हा सात भाग आले होते आणि माझे वाचून झाले होते चार.

मग ती एसटीनं पुस्तकं पाठवायला लागली. चिपळूण-कराड गाडी कुंभार्ली घाट चढून पाटणमार्गे यायची आणि संध्याकाळी स्टँडवर मी उभी. “ताई, चिपळूणचं पुडकं,” म्हणून कंडक्टर वर्तमानपत्रात गुंडाळलेली आठशे-नऊशे पानं हातात द्यायचा. त्याची पक्की समजूत होती की आत आमसुलं असतात. एकदा त्यानं हुंगून पाहिलं आणि म्हणाला, “औंदा वास नाही.” पावसाळ्यात आलेला भाग फुगून दीडपट झालेला असायचा. तो मी गव्हाच्या डब्याखाली दोन दिवस दाबून ठेवायची आणि मग उघडायची.

आत चिठ्ठी असे. तिनं हिशेब तपासलेल्या स्लिपांच्या पाठी लिहिलेल्या त्या चिठ्ठ्या माझ्याकडे अजून आहेत. कथानकाबद्दल त्यात कधी अक्षर नसे. “हा सुट्टीच्या आदल्या रात्री सुरू कर.” “शेवटची शंभर पानं कुकर लावून वाचू नकोस, माझी डाळ गेली.” “हा वाचताना घरात कोणाशी भांडण झालं तर दोष माझा नाही.” पाचव्या भागाबरोबर आलेली चिठ्ठी जरा लांब होती. जॉर्डनच्या गोष्टीत नायनीव्ह नावाची एक तापट बाई आहे, ती रागावली की स्वतःची वेणी ओढते. एकदा नाही, दोनदा नाही, भागाभागातून ओढते. जगभरच्या वाचकांनी त्याची थट्टा केलीय. माझ्या मैत्रिणीनं लिहिलं होतं, “बाईला राग आला की म्हणे वेणी ओढते! या माणसानं रागावलेली बाई पोळ्या लाटताना पाहिलेली दिसत नाही. बायकोला विचारायचं तरी.” त्याची बायको हॅरिएट मॅकडूगल हीच त्याची संपादक आहे, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत झाल्यावर ती म्हणाली, “मग तिनं पाहूनच ठेवलं असणार. नवऱ्याच्या किती चुका काढायच्या?”

तिचा जीव मॅटवर. तिघांतला हा जुगारी. फासे टाकेल ते पडतात, जबाबदारी नको नको म्हणत असतो आणि सगळ्यांच्या आधी धावून जातो. “आमच्या धाकट्या दिरासारखा,” ती म्हणायची. त्या दिरानं तिच्या घराचं पत्र्याचं छप्पर रात्रीत बसवून दिलं होतं आणि दुसऱ्या दिवशी जेवायलाही थांबला नव्हता.

आठवा आला, नववा आला. एव्हाना पेपरबॅक निघायची वाट आम्ही पगारवाढीच्या करारासारखी बघत होतो. आणि २००३ साली ‘क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट’. सातव्यापासून दहाव्यापर्यंत ही मालिका चिखलात रुतते, असं बहुतेक वाचक म्हणतात, आणि दहाव्यात तर चाकच दिसेनासं होतं. नवव्याच्या शेवटी नायक एक प्रचंड काम उरकतो. दहाव्यात पानंच्या पानं काय, तर तेव्हा दूरदूर पसरलेली बाकीची मंडळी काय करत होती. कोणी चहा पीत होतं, कोणी तंबूत बोलणी करत होतं, सगळ्यांना लांबवर काहीतरी जाणवलं आणि सगळ्यांनी त्यावर चर्चा केली. तिची चिठ्ठी एका ओळीची होती.

“आज दहावा केला. कावळा शिवला नाही.”

मी स्टँडवर उभ्या उभ्या हसले. कंडक्टर म्हणाला, “आमसुलं खराब निघाली का?”

मी तो भाग पुरा वाचला. ती म्हणायची, मधला कंटाळा भोगल्याशिवाय शेवट आपला होत नाही. मला हे पटत नाही, तेव्हाही पटलं नव्हतं. मला कोणी काय वाचू म्हणून विचारलं तर मी अर्सुला ले ग्विनच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’चं नाव सांगते. १९६८चं पुस्तक, दोनशे पानांच्या आसपास, आणि त्यात समुद्र, बेटं, ड्रॅगन, मरण, सगळं मावलंय. त्यातला जादूगार गेड सावळा, तांबूस रंगाचा आहे. मुखपृष्ठांवर त्याला गोरा करून टाकायचे म्हणून ले ग्विनबाई वर्षानुवर्षं भांडल्या. तिसऱ्या भागानंतर चौथा लिहायला त्यांनी अठरा वर्षं घेतली आणि कोणाला ताटकळत ठेवल्याचा आव आणला नाही. मी ते पुस्तक उलट टपालानं, म्हणजे उलट एसटीनं, तिला पाठवलं. आठवड्यानं चिठ्ठीसकट परत आलं. “छान आहे. पण हे एका रविवारी संपलं. मग सोमवारी काय करायचं?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिचा मुलगा तेव्हा दहावीला होता, सासूबाई अंथरुणाला, नवरा आठवड्यातले पाच दिवस कामासाठी बाहेर. रात्री साडेदहाला ओटा पुसून झाला की वीस पानं, हा तिचा हिशेब होता. चौदा भागांत मिळून सुमारे ४३ लाख शब्द आहेत. मी त्याला पाल्हाळ म्हणत होते, ती पुरवठा म्हणत असावी.

२००५च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. तिच्या घरात कमरेपर्यंत होतं. दोन दिवसांनी फोन लागला तेव्हा तिनं आधी माणसं सांगितली, मग पुस्तकं. आधी तांदळाचं पोतं माळ्यावर चढवायचं की जॉर्डन, यात तिनं जॉर्डन चढवला होता आणि सासूबाई ते विसरायला तयार नव्हत्या. फक्त एक भाग खाली राहिला. “दहावा,” ती म्हणाली. “मुद्दाम नाही गं.” चिखलातून काढून तिनं तो उन्हात वाळवला. तो वाळला. “याला काही होत नाही,” ती म्हणाली.

अकराव्याबरोबर चिठ्ठी आली: “माणूस शुद्धीवर आला. आता एकच राहिला.” जॉर्डननंही तसंच जाहीर केलं होतं, बारावा शेवटचा, कितीही जाड झाला तरी चालेल. पण २००६ साली त्याला हृदयाचा अमायलॉइडोसिस असल्याचं कळलं. पुढचे महिने तो जमेल तसं लिहीत राहिला, सांगत राहिला, टिपणं करून ठेवत राहिला. १६ सप्टेंबर २००७ला गेला. व्हिएतनाममध्ये हेलिकॉप्टरवर लढून आलेला, चार्ल्सटनचा, खऱ्या नावाचा जेम्स रिग्नी. तिला मी फोन केला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “घरात सांगता पण येत नाही गं, कोण गेलं म्हणून.”

पुढचं बहुतेक वाचकांना माहीत आहे. ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकानं, जो पोरवयापासून हीच मालिका वाचत वाढला होता, जॉर्डनवर एक श्रद्धांजली लिहिली. हॅरिएटनं ती वाचली आणि उरलेलं काम त्याच्याकडे सोपवलं. एकाचे तीन भाग झाले: २००९, २०१० आणि २०१३. बारावा, तेरावा, चौदावा. एका वाचकाच्या हाती लेखणी देऊन चाक पुरं केलं गेलं, मला हे फार आवडलं. जॉर्ज मार्टिनचे वाचक २०११पासून सहाव्या भागाची वाट बघत आहेत, त्यांना विचारा. पाचव्यानंतर घरातल्या घरात किती शेवट रचून झाले असतील.

तिला मात्र नाही आवडलं. मी बारावा पुण्याहून कुरिअर केला, तो न उघडता परत आला. “दहावा केला, अकरावा केला,” तिनं लिहिलं होतं. “बारावं-तेरावं परक्याच्या हातून नको.” मी चिडले. म्हटलं, परका कसला, तुझ्या-माझ्यासारखा वाचकच आहे. ती म्हणाली, “म्हणूनच. मी तरी कुठे लिहायला गेले?” आम्ही त्यावर तीन-चार वर्षं अधूनमधून भांडलो, गौरी-गणपतीच्या फोनमध्येसुद्धा.

चौदावा मी २०१३च्या उन्हाळ्यात संपवला. त्यातलं एक प्रकरण दोनशे पानांच्या घरात जातं, सगळी लढाईच लढाई, आणि माझ्यासारख्या लढाया चाळून पुढे जाणाऱ्या बाईनं ते पहाटे साडेतीनपर्यंत बसून वाचलं. सकाळी तिला फोन केला. झालं वाचून, एवढंच म्हटलं. काही सांगू नकोस, हे तिनं मला आधीच बजावून ठेवलं होतं.

पलीकडे भांडी वाजत होती. मग थांबली.

“मॅट आहे ना?”

“आहे,” मी म्हटलं. आणि मग राहवलं नाही. “पण तो बारावा आलाय ना, त्यापासून पहिल्यासारखा बोलत नाही गं. विनोद करतो, पण ओढूनताणून.”

“बोलेल कसा?” ती म्हणाली. “घरचं माणूस गेल्यावर कोण पहिल्यासारखं बोलतं?”