राखाडी कुलूप

उंची एका अक्षराएवढी, रंग राखाडी आणि बसायची जागा ठरलेली: ऑनलाइन कोर्सच्या पानावर ‘आठवडा ५’ या ओळीला खेटून. खणखणत नाही, गंजत नाही, तेल मागत नाही. किल्लीचं भोकही नाही, कारण हे कुलूप तारखेनं उघडतं. खाली बारीक टाइपात त्याचं म्हणणं लिहिलेलं असतं, की सोमवारी सकाळी नऊनंतर या. त्यापलीकडे एक शब्द बोलणार नाही.

कन्नडहून शिकायला आलेली, उस्मानपुऱ्यात कॉट बेसिसवर राहणारी पोरगी असो की सिडकोतल्या डॉक्टरांचा मुलगा, दोघांना उत्तर तेच. ‘मी अमक्यांचा माणूस’ हे वाक्य आपल्याकडे रेल्वेच्या वेटिंगपासून दवाखान्यातल्या नंबरापर्यंत कुठेही कामाला येतं. इथे येत नाही. छत्रपती संभाजीनगरात इतका निर्ढावलेला आणि इतका निःपक्षपाती पहारेकरी दुसरा कुठे असेल असं वाटत नाही.

घराणं परदेशातलं. मार्टिन डूगियामस या ऑस्ट्रेलियन माणसानं २००२ साली ‘मूडल’ ही शिकवण्याची प्रणाली जगापुढे ठेवली, तीही फुकट. परवान्याचे पैसे लागत नाहीत, म्हणून एक सर्व्हर आणि एक उत्साही शिक्षक असलेल्या कुठल्याही कॉलेजात ती नांदू शकते. डूगियामस यांचं लहानपण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ओसाड मुलखात गेलं आणि त्यांची शाळा रेडिओवर भरायची. रेडिओच्या शाळेत धडा आपल्या सोयीनं सुरू होत नाही. ठरल्या वेळी संचापाशी बसलात तर धडा मिळाला, नाहीतर हवेत विरला.

गंमत म्हणजे अशा शाळेत शिकलेल्या माणसाच्या प्रणालीत नोट्स आणि व्हिडिओंना वेळेचं भान असलेलं कुलूप सुरुवातीला नव्हतंच. चाचणीला, गृहपाठाला तारखा होत्या. बाकीच्या सामानासाठी नुसता एक डोळा होता. शिक्षकानं डोळ्याच्या चित्रावर टिचकी मारली की मजकूर दिसे, पुन्हा मारली की नाहीसा होई. म्हणजे सोमवारी नऊला धडा उघडायचा, तर नऊला सर स्वतः संगणकापाशी हजर पाहिजेत. २०१० च्या अखेरीस मूडलची दुसरी मोठी आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर कुलपाला अक्कल आली. ते तारीख पाहायला शिकलं, आधीच्या चाचणीतले गुण पाहायला शिकलं, मागचा धडा पुरा केला की नुसताच उघडून मिटला हेही विचारू लागलं. पुढे पुढे तर ‘आणि’, ‘किंवा’ जोडून ते अटींची माळ ओवू लागलं: तारीख उलटलेली असेल आणि चाचणीत चाळीस टक्के असतील, किंवा तुम्ही ‘ब’ गटातले असाल, तर या. एखाद्या शिक्षकाला या माळेचा नाद लागला की पाहायला नको. धडा उघडण्यासाठी चाचणी द्यायची आणि चाचणी उघडण्यासाठी धडा पुरा करायचा, अशा दोन अटी समोरासमोर बसतात आणि सबंध वर्ग बाहेर उभा राहतो. कुलपाला त्यात काही वावगं वाटत नाही. त्याला जे सांगितलं ते त्यानं केलं.

याची गरज आपल्याला पटली ती २०२० मध्ये. मार्चच्या २५ तारखेला देश बंद झाला आणि शिकवणं व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. अनेक गटांवर एका संध्याकाळी सबंध सत्राच्या पीडीएफ येऊन पडल्या. बारा प्रकरणं, मागच्या प्रश्नपत्रिका, वर कोणाच्या तरी वहीचे तिरपे फोटो. सगळ्यांनी डाउनलोड केल्या, आभाराचे हात जोडले आणि फोनची मेमरी भरली. या शहराला हे वागणं नवं नाही. जायकवाडीचं पाणी पाइपातून येतं खरं, पण नळाला ते रोज येत नाही. किती दिवसांचा गॅप, यावर घराचं वेळापत्रक ठरतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी टाकी, ड्रम, बादल्या, पातेली सगळं भरून ठेवलं जातं. पीडीएफचंही तसंच झालं, फरक इतकाच की ड्रममधलं पाणी नंतर वापरलं तरी जातं.

राखाडी कुलपाचा खरा दावा इथे आहे. त्याचं म्हणणं असं, की एका वेळी एक आठवडा दिला तर तो वाचला जाण्याची आशा असते. शिवाय सगळे एकाच पानावर असतात. पाचव्या आठवड्यात कोणाला काही अडलं, तर शेजारच्या कॉटवरची मुलगीही त्याच जागी अडलेली असते. हा मुद्दा मला बिनतोड वाटतो. वर्ग म्हणजे शेवटी एका वेळी एकाच ठिकाणी अडलेली माणसं.

या कुलपाचे भाऊबंदही आहेत. गूगल क्लासरूममधला धाकटा मवाळ आहे: सरांनी रात्री लिहून ठेवलेली सूचना सकाळी आठला बाहेर सोडायची, इतकं काम तो चोख करतो, पण अटीबिटींची माळ त्याच्या आवाक्यातली नाही. थोरला मात्र भारदस्त. तो ‘स्वयम्’वर राहतो. राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ९ जुलै २०१७ रोजी हे सरकारी व्यासपीठ सुरू झालं. आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांचा ‘एनपीटीईएल’ हा उपक्रम त्याहून जुना. त्याचे प्रमाणपत्राचे कोर्स २०१४ पासून चालू आहेत आणि आता ते ‘स्वयम्’वरच भरतात. चार, आठ किंवा बारा आठवड्यांचे कोर्स, दर आठवड्याला नवे व्हिडिओ, दर आठवड्याला एक असाइनमेंट. नाव नोंदवायला पैसे नाहीत. परीक्षा द्यायची तर फी. यूजीसीनं २०२१ च्या नियमांत एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून घ्यायला वाट करून दिली, आणि थोरल्याचा दरारा वाढला. जे आधी हौसेनं करायचं होतं, त्याचं क्रेडिट झालं.

त्याचा दिवस बुधवार. असाइनमेंट साधारणपणे बुधवारी रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी मिटतं. सोमवारी आणि मंगळवारी त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. बुधवारी रात्री दहानंतर मात्र अभ्यासिकेत, होस्टेलच्या गच्चीवर, बसस्टॉपवर त्याचे भक्त गोळा होतात. माझी भाची त्यांतलीच. तिच्या खोलीत तिघी राहतात, तिघींचे कोर्स वेगळे आणि तिघींचा बुधवार एक. साडेअकराला ‘तिसऱ्या प्रश्नाला बी का सी?’ या चर्चेला जो रंग चढतो, तो वर्गात कधी पाहिला नव्हता, असं ती सांगते.

आता इथे एक खोच आहे, आणि ती थोरल्यानं मुद्दाम ठेवली असेल असं मी म्हणणार नाही. पोरांच्या फोनमध्ये रोज दीड जीबी, दोन जीबीवाले पॅक असतात. त्यांचा रोजचा हिशेब मध्यरात्री नव्यानं सुरू होतो. दिवसाचा डेटा संपला की वेग इतका खाली येतो, की पान अर्धं उघडतं आणि अर्ध्यावरच थकतं. म्हणजे कुलूप मिटणार ११:५९ ला आणि डेटा येणार बाराला. मधली ती मिनिटभराची फट या दोघांपैकी कोणाच्याच हिशेबात नाही. घरी वायफाय असलेल्याला हे कळणारही नाही. सोयगावकडच्या एखाद्या वस्तीवर रेंजसाठी गच्ची चढणाऱ्याला मात्र ती फट चांगली ठाऊक असते.

थोरला अगदीच दगड आहे असं नाही. बारा आठवड्यांच्या कोर्सात बारा असाइनमेंटपैकी सर्वांत चांगली आठच तो धरतो आणि त्यांचं वजन शंभरात २५; बाकी ७५ परीक्षेला. म्हणजे चार बुधवार बुडाले तरी निभावतं. एखाद्या घरात लग्न, तापाचे चार दिवस, लाईट गेलेली रात्र, एवढं सगळं त्या चारांत बसवायचं. बसतं बहुतेक.

आणि त्याचं एक गुपितही सांगून टाकतो. नवव्या आठवड्याला कुलूप लावून तो ऐटीत बसलेला असताना, त्याच कोर्सचे आधीच्या खेपेचे व्हिडिओ पुष्कळदा यूट्यूबवर उघडे पडलेले असतात. कोणीही पाहावेत. पुढच्या दाराला पहारा आणि परसदार सताड उघडं! हुशार पोरांना हे पहिल्या आठवड्यातच कळतं. ती हसतात, आणि तरीही बहुतेक जण नववा आठवडा नवव्या आठवड्यातच पाहतात. म्हणून मला वाटतं, कुलूप मजकुराची राखण करतच नाही. ते गतीची राखण करतं. मजकूर चोरीला जाईल ही भीती त्याला नाही. त्याला भीती आहे ती पुढे पळणाऱ्याची आणि त्याहून जास्त मागे राहणाऱ्याची.

एका बाबतीत मात्र ते लबाड आहे. ज्यानं त्याला बसवलं, त्या शिक्षकाला ते अडवत नाही. मूडलमध्ये शिक्षक म्हणून आत आलात की अटींची पाटी दिसते, पण दार उघडंच. सगळं वाचता येतं. त्यामुळे सर वर्गात म्हणतात, ‘नोट्स टाकल्यात की मी, माझ्याकडे दिसतात.’ पोरं म्हणतात, ‘नाही दिसत सर.’ दोघंही खरं बोलत असतात. विद्यार्थ्याच्या भूमिकेत शिरून पान पाहण्याची सोय तिथे आहे, पण ती वापरणारे शिक्षक थोडे. दुसरी गोष्ट घड्याळाची. सर्व्हर कोणी ग्रीनिचच्या वेळेवर सोडून दिला आणि आपली वेळ लावायची राहिली, तर सकाळी नऊचा धडा इथे दुपारी अडीचला उघडतो. साडेपाच तासांचा हा घोळ शोधता शोधता एखाद्या विभागाची सकाळ जाते, आणि कुलूप आपलं शांत. त्याच्या घड्याळात नऊ वाजलेलेच नसतात.

जुना डोळा अजून आहे, नव्या कामावर. कुलूप लावताना शिक्षकाला विचारलं जातं: हा धडा बंद आहे हे विद्यार्थ्याला दिसू द्यायचं, की धडा आहे हेच दिसू द्यायचं नाही? डोळा उघडा ठेवला तर राखाडी ओळ दिसते, खाली कारण दिसतं. डोळा मिटला तर काहीच नाही. चाळीस टक्क्यांची अट घालून डोळा मिटला, की पस्तीस टक्केवाल्याला पुढे काही होतं याचाही पत्ता लागत नाही. त्याला कोर्स संपला असंच वाटतं.

बावन्न दरवाजांचं म्हणवलं जाणारं हे शहर आहे. मलिक अंबरनं १६१२ मध्ये उभारलेला भडकल दरवाजा अजून रहदारी अंगावर घेत उभा आहे. पण इथला सर्वांत बोलका दरवाजा विद्यापीठाचा. विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा विधिमंडळाचा ठराव २७ जुलै १९७८ चा आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. मधल्या साडेपंधरा वर्षांत माणसांनी घरं गमावली, जीव गमावले. दर १४ जानेवारीला लोक गावोगावहून येतात आणि त्या गेटपुढे नतमस्तक होतात. बाबासाहेबांनी १९५० मध्ये इथे कॉलेज काढलं, ज्याला पुढे मिलिंद हे नाव मिळालं, तेही ज्यांना शिक्षणाचं दार दिसूच दिलं जात नव्हतं त्यांच्यासाठी. अशा गावात दार बंद आहे हे सांगणं आणि दारच लपवणं यांतला फरक शिक्षकाला समजावून द्यावा लागू नये. मिटलेला डोळा मला इथे अजिबात खपत नाही.

बाकी या राखाडी इसमाबद्दल माझं मत बरं आहे. उघडण्याच्या बाबतीत तो जितका कडक राहील तितका चांगला. सोमवारी नऊ म्हणजे नऊ. आमदाराच्या मुलालाही आठ अठ्ठावन्नला नाही. मिटण्याच्या बाबतीत मात्र त्याच्या हाती इतका अधिकार देऊ नये. तसा तो मागतही नाही. मूडलच्या गृहपाठात दोन तारखा असतात: एक द्यायची, एक शेवटची. पहिलीनंतर आलेलं काम घेतलं जातं, फक्त ‘उशिरा’ असा शेरा पडतो; दार खरं मिटतं ते दुसरीला. एकट्या विद्यार्थ्यासाठी वेगळी तारीख देण्याचीही सोय आहे, चाचणीतही आणि गृहपाठातही. बाळंतपण, अपघात, गावाकडचा विजेचा खोळंबा, कशासाठीही देता येते. त्यासाठी अर्ज, सही, शिक्का लागत नाही.

‘स्वयम्’चा बुधवार तुमच्या-माझ्या हातात नाही. पण ज्या सर-मॅडमचा कोर्स त्यांच्याच कॉलेजच्या सर्व्हरवर आहे, त्यांना माझी एवढीच विनंती आहे: शेवटची वेळ रात्री ११:५९ ठेवू नका, दुसऱ्या दिवशी दुपारी दोन ठेवा, म्हणजे नवा डेटा आलेला असतो, लाईट आलेली असते आणि कॉलेजची लॅबही उघडी असते. द्यायची तारीख आणि शेवटची तारीख यांत दोन दिवसांचं अंतर सोडा. आणि त्याच पानावर आहात तोवर, एखादा डोळा मिटलेला राहिला असेल तर तोही उघडा.