आमची जुनी ट्रॉली

नवी वस्तू घेताना माणसाला तिची किंमत तेवढी द्यावी लागते. जुनी वस्तू घेताना किमतीबरोबर तिचा पूर्वेतिहासही पदरात घ्यावा लागतो. पॉवर टिलरला जोडायची आमची दोन चाकांची लहानशी ट्रॉली तीन वर्षांपूर्वी अशीच पदरात पडली. आमची घरची बोली कोंकणी. त्यामुळे आई तिला ‘गाडो’ म्हणते, आणि वडील तर तिच्याविषयी घरातल्या माणसाविषयी बोलावे तसे बोलतात.

तिसवाडीत नदीकाठी आमचे थोडे खाजन शेत आहे. बांध आणि मानशी यांच्या आधाराने भरतीचे खारे पाणी अडवून तेथे कोरगूट भात पिकवितात. वडिलांना आता डोक्यावरून भारे वाहवत नाहीत, आणि मजूरही मिळत नाहीत. आखातात असलेला धाकटा भाऊ म्हणाला, “शेत पडीक ठेवा. तांदूळ काय बाजारात मिळत नाही?” वडील एवढेच म्हणाले, “तांदूळ मिळेल रे, पण बांध कोण राखणार?” खाजनात एकाने पाठ फिरविली की बांध खचतो, आणि मग खारे पाणी सर्वांच्याच शेतात शिरते. ट्रॉली घेतली ती यासाठी.

शेती सोडून देणाऱ्या एका गृहस्थाकडून आम्ही ती घेतली. जॅकवर एकेक चाक उचलून ते हलवून पाहिले; बेअरिंग सैल असेल तर चाक आडवे डुलते. जोडणीचे भोक झिजून लांबट झाले नाही ना, तेही पाहिले. तळाच्या पत्र्यावर हातोडीने ठोकले. निकोप पत्रा खणखणतो, गंजलेला बद्द वाजतो. पैसे मोजून घेतल्यावर त्या गृहस्थाने जोडणीची खीळ आपल्या पंचाने स्वच्छ पुसली आणि मगच ती माझ्या हाती दिली. त्याला फार काही बोलवले नाही.

खाऱ्या चिखलातून आलेली ट्रॉली त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावी लागते. नाही तर लोखंडाला मीठ खाते. चाकांना ग्रीस आणि खरवडलेल्या जागी रेड ऑक्साईडचा हात हवाच. ती बरेच दिवस उभी राहायची असेल तेव्हा आम्ही तिचा कणा चिऱ्यांवर टेकवितो, म्हणजे टायरांवरचा भार उतरतो. शिवाय पुढची बाजू किंचित उंच ठेवली की पावसाचे पाणी आत साचत नाही.

भार भरण्यातही विद्या आहे. तो कण्याच्या किंचित पुढे असावा. मागे गेला तर जोड वर उचलला जातो आणि ट्रॉली शेपटी हलवू लागते. फार पुढे आला तर टिलर दबतो. तरफेचा जो नियम पुस्तकात रुक्ष वाटतो, तोच येथे भाताच्या भाऱ्यांतून बोलू लागतो.

गेल्या आश्विनात शेजारच्या दोन घरांचे भातही याच ट्रॉलीतून खळ्यावर आले. त्यांतील एक शेत चार वर्षे पडीक होते. वडील पुढच्या बैठकीवर ताठ बसून टिलर हाकीत होते, आणि मागून मुले भारे मोजीत धावत होती.

विद्यार्थिमित्रांनो, मालकी कागदावरच्या सहीने मिळते. आपलेपणा मात्र ग्रीसने काळ्या झालेल्या हातांनीच मिळवावा लागतो, आणि तो एकट्यापुरता ठेवून चालत नाही.