कैरीची डाळ आणि आमची भिशी

आमच्या गल्लीतल्या बायकांची एक भिशी आहे. वीस जणी, महिन्याला पाचशे रुपये. रमजानमधल्या एका रविवारी या भिशीची इफ्तार होते, कुणाच्या तरी गच्चीवर, आणि प्रत्येकीने घरून काहीतरी करून आणायचं असतं. सुरुवातीला खजूर, कापलेलं कलिंगड, कांदाभजी, रूह अफजा एवढ्यावर भागायचं. मग एका वर्षी एकीने चिकन रोल आणले. पुढच्या वर्षी दुसरीने दम बिर्याणीचं पातेलंच आणलं. त्यानंतर मालपुवा, खिमा पॅटिस, व्हाइट पास्ता, आणि दस्तरखानाचा फोटो स्टेटसला. कुणी कुणाला काही म्हणत नव्हतं, पण पदार्थ ठेवताना झाकण कोण आधी उघडतं आणि कोण शेवटी, हे बघणाऱ्याला कळत होतं.

गल्लीत एक आपा आहेत. नवरा वारल्यापासून शिलाईकाम करतात. फॉल-पिको, सलवार-कुर्ते, शाळेचे गणवेश. भिशीचे पाचशे कधी चुकत नाहीत. पण इफ्तारला मात्र एका वर्षी त्यांचं डोकं दुखत होतं, दुसऱ्या वर्षी पाहुणे आले होते. मी घरी म्हटलं, आपांची तब्येत हल्ली बरी नसते. अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “उसकी तबियत को कुछ नई हुआ. उसके पास लाने को कुछ नई.”

शाळेत मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. तिथल्या एक सहकारी बाई दर चैत्रात हळदीकुंकवानंतर स्टाफरूममध्ये कैरीच्या डाळीचा डबा आणतात. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसते ती अक्षय तृतीयेपर्यंत. त्या महिन्यात घरोघरी हळदीकुंकू होतं, आणि आलेल्या बायकांना देतात काय, तर वाटलेली डाळ, पन्हं आणि ओटीत भिजवलेले हरभरे. बस. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवायची, मिरचीबरोबर भरड वाटायची, कैरी किसून, ओलं खोबरं, कोथिंबीर, मीठ, थोडी साखर, आणि वरून हिंग-मोहरी-हळदीची फोडणी. ती मात्र पूर्ण निवल्यावर. चूल लागते तेवढी फोडणीपुरती. उन्हाळ्याच्या तोंडावर मिळणारी कैरी, घरात असतेच अशी डाळ, थंड खायचं.

मला त्यात आवडलं ते हे की ही डाळ बंगल्यातही तीच असते आणि दोन खोल्यांतही तीच. तिच्यावरून कुणाचं घर मोजता येत नाही. असं मी त्या बाईंना म्हटलं, तर त्या म्हणाल्या, “मला हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका. माझी आई माझ्या लहानपणीच विधवा झाली. काकूकडच्या हळदीकुंकवाची सगळी डाळ तीच वाटायची, आणि बायका आल्या की स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही.” आता त्यांच्या घरी सगळ्यांना बोलावतात, हेही त्यांनी सांगितलं. पण आईचं सांगताना त्यांनी डब्याचं झाकण लावून टाकलं होतं. कोण आलं याच्यापेक्षा कोण आलं नाही हे बघायला हवं, ही गोष्ट मला दोन बायकांनी शिकवली. एक माझ्या सासूबाई, दुसऱ्या या.

इथे थोडं चंद्राबद्दल. आपला हिजरी महिना आणि पंचांगाचा महिना, दोन्ही चंद्रावर चालतात. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा अकरा दिवसांनी लहान. पंचांगवाले अधिक महिना घालून ती तूट भरून काढतात, म्हणून चैत्र उन्हाळ्यातच राहतो. हिजरीत अधिक महिना नाही, म्हणून रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो. फिरता फिरता २०२१ मध्ये तो चैत्राला येऊन मिळाला. १३ एप्रिलला गुढीपाडवा, १४ ला पहिला रोजा. ते कोरोनाचं वर्ष, गच्ची बंदच होती. २०२२ मध्ये पाडवा २ एप्रिलला, रोजा ३ ला. २०२३ मध्ये पाडवा २२ मार्चला, रोजा २४ ला. म्हणजे तीन वर्षं चैत्र आणि रमजान यांचा चंद्र एकच होता. २०२३ च्या अधिक श्रावणाने ही जोडी फोडली, आणि २०२४ मध्ये पाडवा आला तो रमजानच्या शेवटी, ईदच्या दोन दिवस आधी. असा मेळ पुन्हा बत्तीस-तेहेतीस वर्षांनी.

तर २०२२ च्या त्या रमजानमध्ये मी भिशीत विषय काढला. या वर्षी प्रत्येकीने डाळीचं किंवा कडधान्याचं काहीतरी आणायचं, थंड, आणि शंभर रुपयांच्या आत. कारण आपांचं सांगितलं नाही. ‘तळलेलं खाऊन तरावीहला उभं राहवत नाही,’ एवढंच सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं.

विरोध झाला. बिर्याणीवाल्या भाभी म्हणाल्या, “दिवसभर रोजा ठेवून संध्याकाळी कोशिंबीर खायची?” एका खालाने सूरह अल-बकराची एकसष्टावी आयत काढली. मूसा अलैहिस्सलामांची कौम मन्न-सलवा खाऊन कंटाळली आणि भाजीपाला, काकडी, मसूर, कांदा मागायला लागली. तेव्हा त्यांना विचारलं गेलं की चांगलं सोडून कमी प्रतीचं मागता काय. खाला म्हणाल्या, बघ, तू तेच मागतेयस. मी म्हटलं, मन्न-सलवा आकाशातून फुकट उतरत होता, चिकन रोलचे पैसे पडतात. हसल्या सगळ्या. हसल्या की अर्धं काम होतं.

त्या रविवारी भाभींनी शामी कबाब आणले. शामी कबाबात चण्याची डाळ असतेच, त्यामुळे नियम मोडला असं म्हणता येईना. गारही होते. आम्ही ते आनंदाने खाल्ले. पुढच्या वर्षीपासून नियमात ‘गोश्त नाही’ हे दोन शब्द वाढले.

मी कैरीची डाळ नेली. अर्धा किलो डाळ, दोन कैऱ्या, अर्धा नारळ, कोथिंबीर-मिरची; शंभराला पाच रुपये कमीच. वीस जणींना डावभर पुरली. एक बदल मी केला आहे. उपाशी पोटाला कच्ची डाळ जड जाते, म्हणून निम्मी डाळ भिजवून मग दहा मिनिटं उकळून, निथळून घेते आणि हिंग जरा मोकळ्या हाताने घालते. शुद्ध कैरीच्या डाळीचे भक्त याला नाक मुरडतील. त्यांनी चौदा तासांचा रोजा ठेवून बघावा.

आणि आपा आल्या. स्टीलच्या डब्यात काबुली चण्यांचं जे घेऊन आल्या त्याला आमच्याकडे अजून नाव नाही, ‘आपांचे चणे’ म्हणतात. पाव किलो काबुली चणे रात्रभर भिजवलेले, ते पाणी फेकून नव्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घालून कुकरमध्ये अगदी मऊ शिजवलेले. निम्मे ठेचायचे, निम्मे तसेच. अर्धा लिटर दुधाचं घरी लावलेलं दही, दोन-तीन तास फडक्यात टांगून. काकडी किसून मीठ लावून घट्ट पिळलेली, गाजराचा कीस, पुदिना, भाजलेल्या जिऱ्याची पूड, काळं मीठ. कांदा मात्र अगदी शेवटी, अजान व्हायला पाच मिनिटं असताना. आधी चिरून घातला तर उग्र होतो आणि दह्याला पाणी सोडतो. चमच्याने खायचं नाही, बेकरीतल्या टोस्टने किंवा खारीने उचलून खायचं. माझी मुलगी म्हणाली, हे तर हुमुस. अरबीत हुमुस म्हणजे हरभराच, आणि त्यात तिळाचा लगदा पडतो. आपांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तीळ मी संक्रांतीनंतर आणत नाही, महाग पडतात.

गार करायचं कसं, हा रमजानमध्ये खरा प्रश्न असतो, कारण प्रत्येकीचा फ्रिज शरबत आणि फळांनी भरलेला. आपांचा फ्रिज तर बंदच होता. त्यांनी डबा परातीतल्या माठाच्या पाण्यात ठेवून वर ओलं फडकं टाकलं होतं, खिडकीत, वाऱ्याला. दुपारी नाही, असरनंतर सगळं कालवायचं. एप्रिलमध्ये नाशकातही उन्हाचा पारा चढतो. दही घातलेला पदार्थ दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नये, मग तो कितीही चांगला झालेला असो.

मिठाचंही सांगते. गार पदार्थाला मीठ थोडं जास्त लागतं, आणि रोजात चाखता येत नाही. हनफी फिकहच्या किताबांत सवलत आहे: गरज असेल तर जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकावं, आणि तिथे उदाहरण दिलंय ते तापट नवऱ्याच्या बायकोचं. त्या काळच्या आलिमांना घरं माहीत होती म्हणायचं. आपा चाखत नाहीत. पाव किलो सुक्या चण्याला पोह्याचे दोन सपाट चमचे मीठ, त्यातलं काकडीला लावलेलं धरून. मोजून.

२०२३ ला गच्चीवर तीन डब्यांत आपांचेच चणे होते, तीन वेगवेगळ्या घरांतून. बिर्याणीवाल्या भाभींच्या डब्यात मीठ कमी होतं, आणि आपांनी ते सगळ्यांसमोर सांगितलं. भाभींना लागलं थोडं. मला मात्र ते ऐकून फार बरं वाटलं.

आता अडचण वेगळी आहे. २०२५ चा रमजान २ मार्चला लागला. कैऱ्या बाजारात जेमतेम, लहान आणि चढ्या भावाच्या. पुढची वर्षं फेब्रुवारी, मग जानेवारी. नाशिकच्या थंडीत गच्चीवर बसून गार दही कोण खाणार, असं आत्तापासूनच कुरकुरणं सुरू आहे, आणि रोलवाल्या बाईंना त्यात संधी दिसते आहे. मी भद्रकालीच्या भाजीबाजाराकडे बोट दाखवते. कैरी नसेल तेव्हा हरभऱ्याचे घाटे असतात. सोलाणे वाफवून, ठेचून, ओल्या लसणाच्या पातीबरोबर. आपांना विचारलं तर म्हणाल्या, त्याला दही लावू नकोस, लिंबू पीळ, आणि घाटे सोलायला मला बोलव. एकटीला दोन तास लागतात.